मा सेली जहाजावर जेवायला येते

जहाज रोझो शहराच्या धक्क्याला लागलं, तेव्हा जोसेट डायनिंग हॉलमध्ये एका कॅनेडियन म्हातारबांना कॉफी वाढत होती. म्हातारबांनी खिडकीतून समोरचे डोंगर पाहिले, डोंगरांवर टेकलेले ढग पाहिले, आणि ह्या बेटावर बघण्यासारखं काही आहे का, असं तिला विचारलं. धबधबा आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, असं जोसेटनं नेहमीच्या हसऱ्या सुरात सांगितलं. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, समुद्राला धरून गेलेल्या रस्त्यावर, पॉइंट मिशेलमध्ये आपलं घर आहे आणि आपली मुलगी आत्ता आजीपुढे बसून केस विंचरून घेत असेल, हे तिनं सांगितलं नाही. जहाजावर असं कुणी सांगत नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर तिची थोरली बहीण ऑरेलिया हे सगळं ऐकत होती. ती बोस्टनहून आली होती, रीतसर तिकीट काढून, प्रवासी म्हणून. धाकटी बहीण ज्या जहाजावर वाढपाचं काम बघते, त्याच जहाजावर आपण सुट्टी घालवायची, ही कल्पना तिचीच. पहिल्या दिवशी जोसेटलाही मजा वाटली. नंतर मात्र रोज तिन्ही वेळा सख्ख्या बहिणीपुढे प्लेट ठेवायची आणि आणखी काही हवंय का म्हणून विचारायचं, ह्यानं ती अवघडून जायला लागली. ऑरेलियालाही ते जड जात असावं. ती जोसेटच्या डोळ्यांत न बघता थँक्यू म्हणायची आणि जेवण झालं की प्लेटा एकावर एक रचून ठेवायची. प्रवासी असं करत नाहीत, असं जोसेटनं तिला सांगून पाहिलं होतं. काही उपयोग झाला नव्हता.

"आज जेवताना सगळे एकत्र आहोत, तर एक विषय काढायचाय," ऑरेलिया नॅपकिनची घडी करत म्हणाली. "अन्सेल्मशी माझं बोलणं झालंय."

कसला विषय, असं जोसेटनं विचारलं. जेवताना बोलू, एवढंच उत्तर मिळालं. अन्सेल्म म्हणजे त्यांचा भाऊ, दोघींच्या मधला. तो रोझोतच राहायचा आणि जहाजांवरून उतरणाऱ्या प्रवाशांना आपल्या व्हॅनमधून बेट दाखवायचा. ऑरेलिया आणि अन्सेल्म एका बाजूला, हे घरात फार वेळा घडलेलं नव्हतं. घडलं होतं तेव्हा कुणाचं तरी काहीतरी हातातून गेलं होतं.

पण जोसेटच्याही मनात एक गोष्ट होती आणि ती तिनं कुणालाच सांगितलेली नव्हती. हॉलचे प्रमुख पेरिचसाहेब यांनी तिचं नाव एका नव्या जहाजासाठी सुचवलं होतं. ते जहाज वर्षभर भूमध्य समुद्रात फिरणार होतं. तिथे ती दुय्यम नाही, हॉलची प्रमुख होणार होती. उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. ह्या हंगामातली जहाजाची रोझोची ही शेवटची फेरी. हिवाळाभर दर पंधरवड्याला ती काही तास तरी लेकीला भेटायची. नवं जहाज घेतलं तर ते तासही संपणार होते.

---

दोघी बहिणी खाली उतरल्या तेव्हा धक्क्यावर तिघं उभे होते. मा सेलीनं, त्यांच्या आईनं, ठेवणीतला पांढरा झगा घातला होता आणि डोक्याला चौकडीचं मद्रास कापड बांधलं होतं. अन्सेल्मनं आजच्या सगळ्या फेऱ्या दुसऱ्या व्हॅनवाल्याला दिल्या होत्या. आणि नेरिसा. पंधरवड्यात पोरगी वाढली होती की काय कोण जाणे, पण ह्या वेळी जोसेटला वाकावं न लागता तिचा मुका घेता आला. नेरिसानं गाल पुढे केला आणि लगेच मागे घेतला. हाय मम्मी, असं शेजारणीला म्हणावं तसं म्हणाली.

जहाजावर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्यांना जेवायला बोलावता येतं. जोसेटनं तो दिवस आजसाठी राखून ठेवला होता. पासही झाले होते. पण मा सेली शिडीपाशी अडली. तिच्या पिशवीत केळीच्या पानात बांधलेली तितिरीची भजी होती. नदीच्या तोंडाशी आलेली बारकी मासळी तिनं पहाटे उठून तळली होती, दोघी लेकींना आवडते म्हणून. शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही, असं नेपाळी पहारेकऱ्यानं हात जोडून सांगितलं.

मा सेलीनं त्याच्याकडे बघितलं, जहाजाकडे बघितलं, आणि एवढ्या मोठ्या बोटीला माझ्या भज्यांचं ओझं होतं का, असं शांतपणे विचारलं. पहारेकरी ओशाळला. मग तिनं पिशवी उघडली आणि धक्क्यावरच एका बाकावर बसून वाटप सुरू केलं. ऑरेलियाला, जोसेटला, नेरिसाला, अन्सेल्मला, आणि पहिला नकार न जुमानता त्या पहारेकऱ्यालाही. लारोंद कुटुंबातले पाचही जण जहाजाच्या सावलीत उभे राहून बोटं चाटत भजी खात होते, आणि बाजूनं उन्हाच्या टोप्या घातलेले प्रवासी बघत जात होते. ऑरेलियानं तेलाची बोटं नकळत झग्याला पुसली. त्या क्षणी ती बोस्टनची नव्हती, पॉइंट मिशेलचीच होती. आजचा दिवस चांगला जाईल, असं जोसेटला उगाचच वाटून गेलं.

शिडी चढताना मा सेली मध्येच थांबली. ती नेरिसाएवढी होती तेव्हा ह्याच किनाऱ्यावर डोक्यावरून केळ्यांचे घड वाहायची. बायकांची रांग माल नेणाऱ्या होड्यांपर्यंत जायची, घड उतरवायची आणि परत फिरायची. जहाज लांब पाण्यात उभं असायचं. त्याच्या पोटात काय असतं, ते त्या बायकांपैकी कुणीच कधी पाहिलं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मा सेलीनंही ते आज बोलून दाखवलं नाही. तिनं फक्त कठड्यावर हात ठेवला, श्वास घेतला आणि वर आली.

---

हॉलमध्ये जोसेटला खुर्चीवर बसायचं होतं. तिला ते जमेना. साधा निळा झगा घालून ती पाहुण्यांसारखी बसली, पण पाणी कमी झालं की हात उठायचा, शेजारच्या टेबलावर चमचा वाजला की मान वळायची. त्यांना वाढायला बालीचा वायान होता. त्यानं मा सेलीची खुर्ची ओढली, मांडीवर नॅपकिन पसरला. मा सेलीनं त्याला तुझं जेवण झालं का म्हणून विचारलं. नंतर होईल, म्हणाला. मग तू घाई कर, आम्ही काही कुठे पळून जात नाही, असं तिनं त्याला सांगितलं. पुढचं वाढप होईपर्यंत वायान त्यांच्या टेबलाकडे बघून हसत होता.

भोपळ्याचं सूप आलं. मा सेलीनं एक चमचा घेतला आणि चव चांगली आहे, पण आलं कुणी चोरलं, असं म्हणाली. अन्सेल्म मोठ्यानं हसला. नेरिसासुद्धा हसली, पण जोसेटनं तिच्याकडे बघताच तिनं मान खाली घातली.

मासे आले आणि ऑरेलियानं विषय काढला.

तिनं तो नीट मांडला. नेरिसाची गावातली शाळा ह्या उन्हाळ्यात संपते आहे. पोरगी हुशार आहे, पुढच्या शिक्षणासाठी तिला बोस्टनला आणावं. घर मोठं आहे, एक खोली रिकामीच पडलेली आहे, शाळा चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. माच्या वयाला आता एवढी जबाबदारी झेपत नाही. जोसेट तर समुद्रावरच असते. कागदपत्रांचं ती बघून घेईल. बोलताना ऑरेलिया एकदाही अडखळली नाही. हे सगळं तिनं फोनवर कुणापुढे तरी म्हणून पाहिलेलं होतं, हे जोसेटला कळलं. तिनं अन्सेल्मकडे बघितलं. अन्सेल्म माशातले काटे काढत होता. त्या माशाला काटे नव्हते.

"तुला हे पटलंय?" जोसेटनं त्याला विचारलं.

"मा पडली होती," अन्सेल्म म्हणाला. "जानेवारीत. न्हाणीघरात. नेरिसानं शेजाऱ्यांना बोलावून आणलं. तुला काळजी नको म्हणून मानंच सांगू दिलं नाही."

"पाय घसरला," मा सेली म्हणाली. "कुणाचा घसरत नाही?"

जोसेटला पुढचं नीट ऐकू येईना. जानेवारीनंतर ती कितीदा तरी त्या घरी जाऊन आली होती. त्याच न्हाणीघरात तोंड धुऊन, त्याच स्वयंपाकघरात मासोबत कोको पिऊन परतली होती. मा तिच्यासमोर नेहमीसारखी चालत होती, बोलत होती, आणि तिला काही दिसलं नव्हतं.

मला न विचारता माझ्या लेकीचं ठरवलंत, असं ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती इतकी जपत होती, की शब्द दातांतून गाळल्यासारखे बाहेर पडत होते. विचारायला तू असतेस कुठे, असं ऑरेलियानं तेवढ्याच हळू आवाजात विचारलं. आणि नेमक्या त्याच वेळी पेरिचसाहेब टेबलापाशी आले.

ते भले गृहस्थ. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना भेटल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यांनी मा सेलीचा हात हातात घेतला, तुमच्या लेकीसारखी बाई माझ्या हाताखाली दुसरी झाली नाही, असं सांगितलं. आणि मग, कौतुकाच्या भरात, आता युरोपातलं जहाज तिला आमच्याकडून पळवणार, पण एवढा मान क्वचितच कुणाला मिळतो, असंही बोलून गेले. हसत हसत पुढच्या टेबलाकडे वळले.

ऑरेलियाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विजय तर अजिबात नव्हता. एकदम थकल्यासारखी दिसत होती ती.

बोलली नेरिसा. तिनं काटा-चमचा शिकवल्यासारखा प्लेटमध्ये नीट शेजारी शेजारी ठेवला.

"म्हणजे मम्मी कुठे जाणार, मी कुठे जाणार, ग्रॅनी पडली की नाही, हे तुम्हा सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं," ती म्हणाली. "फक्त एकमेकांना सांगायचं नव्हतं."

आणि ती उठून चालायला लागली.

---

जोसेटनं तिला काचेच्या लिफ्टपाशी गाठलं. नेरिसा रडत नव्हती. लिफ्टमधून वर-खाली जाणाऱ्या माणसांकडे बघत उभी होती.

"तू रोज कुठे जेवतेस?" तिनं आईकडे न वळता विचारलं.

"खाली. आमची मेस आहे."

"मला तिथे जेवायचंय. तो मासा मला आवडला नाही."

जोसेटनं तिला नेलं. एक जड दार ढकललं आणि गालिचा संपला. पुढे लोखंडी फरशी, डोक्यावरून गेलेले नळ, भिंतीला टेकवलेल्या ट्रॉल्या, कपडे धुण्याच्या साबणाचा आणि तळणाचा एकत्र वास. मेसमध्ये भाताचं मोठं पातेलं होतं, चिंचेतली मासळी होती, डाळ होती. लांब बाकांवर निरनिराळ्या देशांची माणसं घाईघाईनं जेवत होती. नेरिसा ताट घेऊन बसली, तोच समोरच्या बाकावरची लुझ ओरडली. लुझ फिलिपिन्सची, जोसेटची केबिनमधली जोडीदारीण.

"ही नेरिसा? फोटोतली, दात पडलेली?"

नेरिसानं आईकडे बघितलं. लुझ उठून इकडेच येऊन बसली. स्पेलिंगच्या स्पर्धेत शेवटी कुठला शब्द अडला होता, ते तिनं विचारलं आणि नेरिसानं सांगायच्या आधी स्वतःच सांगून टाकलं. भात वाढणाऱ्या गोव्याच्या स्वयंपाक्याला नेरिसा गणितात पहिली आली होती हे माहीत होतं. धुलाईखान्यातल्या एका माणसाला तिच्या कुत्र्याचं नाव ठाऊक होतं, आणि ते कुत्रं मेलं हेही. नेरिसा जेवत होती, उत्तरं देत होती, आणि तिच्या खांद्यांमधला ताठपणा हळूहळू उतरत होता. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला.

जेवण झाल्यावर तिला आईची खोली बघायची होती. अरुंद बोळातून आणखी एक जिना उतरून दोघी गेल्या. केबिनमध्ये एकावर एक दोन बिछाने, एक कपाट, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच जागा. नेरिसानं चारी बाजूंनी नजर फिरवली.

"खिडकी कुठंय?"

"नाहीये. आपण पाण्याच्या खाली आहोत इथे."

"मग सकाळ झाली ते कसं कळतं?"

"गजर होतो."

नेरिसा खालच्या बिछान्यावर बसली. मग म्हणाली, "जहाज संध्याकाळी आपल्या घरावरून जातं ना, तेव्हा मी बघते. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला, एक खिडकी आहे. ती तुझी, असं मी ठरवलं होतं. मी तिला हात करायचे." पायातल्या बुटांकडे बघत ती म्हणाली, "मला वाटायचं, तुझी खोली इतकी छान आहे म्हणून तू घरी राहायला येत नाहीस."

जोसेट तिच्याशेजारी बसली. तिला पुष्कळ काही सांगता आलं असतं. वादळात घराचं छप्पर उडालं, ती ज्या हॉटेलात काम करायची ते बंद पडलं, नेरिसाचा बाप शेजारच्या ग्वाडलूप बेटावर गेला तो तिकडचाच झाला. ते सगळं खरं होतं. छप्पर झालं, मग भिंती झाल्या, मग नेरिसाची शाळा होती, आणि दर वेळी एक करार संपायच्या आत तिनं दुसरा घेतला होता. पण आणखीही एक खरं होतं. वरच्या त्या हॉलमध्ये दिवे लागले, दारं उघडली, की सगळी माणसं तिच्या एका नजरेवर चालायची. ते तिला आवडायचं. घरी ती धाकटी होती, इथे कुणीतरी होती.

"मला हे काम आवडतं," ती म्हणाली. "ते तुला सांगायला मला लाज वाटायची. पण तुझ्यापासून लांब राहायला आवडतं, असं नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या वेगळ्या करू शकले नाही."

नेरिसानं मान हलवली. तिला कळलं की नाही, सांगता येत नव्हतं.

"बोस्टनला जायचंय तुला?"

"कुणी विचारलंच नाही मला."

"मी विचारतेय."

"नाही," नेरिसा म्हणाली. "मला ग्रॅनीजवळ राहायचंय. रोझोच्या शाळेत जायचंय, माझ्या मैत्रिणी तिथेच जाणार आहेत. आणि तू यायला हवीस. पाहुणीसारखी नाही. तू आलीस की ग्रॅनी चांगल्या बश्या काढते. मला ते आवडत नाही."

घरच्या माणसासाठी कुणी चांगल्या बश्या काढत नाही. तिनं लेकीचा हात हातात घेतला आणि ह्या वेळी नेरिसानं तो काढून घेतला नाही. करार वसंतात संपला की मी घरी येईन, पावसाळाभर घरीच राहीन, असं जोसेटनं तिला सांगितलं. हिवाळ्यात पुन्हा जाईन, पण ह्याच बाजूच्या जहाजावर, रोझोला येणाऱ्या. युरोपात नाही. नेरिसानं तिला हे दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, ते मोठं पद गेलं म्हणून तू माझ्यावर चिडशील का.

"चिडणार नाही. थोडी हळहळ वाटेल," जोसेट म्हणाली. "ती माझी मी बघून घेईन."

---

दोघी वर आल्या तेव्हा हॉल बराच रिकामा झाला होता. टेबलावर चॉकलेटचा केक आलेला होता आणि एकट्या मा सेलीनं तो खाल्ला होता. ऑरेलिया डोळे टिपत होती. अन्सेल्म खिडकीतून बाहेर बघत होता.

"पोरीला नेलंस तर तुझं घर भरेल आणि माझं रिकामं होईल," मा सेली पात्वात, बेटावरच्या घरगुती बोलीत, बोलत होती. घरातली खरी बोलणी ती पात्वातच करायची. "हिशेब तोच राहतो. विन्स्टन संसार मोडून गेला, घर खायला उठतं, हे सरळ म्हणायला काय झालं तुला?"

"म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस, मा?"

"घरी ये म्हटलं असतं. दिवसभर पगार घेऊन दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळतेस तिकडे. मीही कुणाची तरी आई आहे."

ऑरेलिया रडता रडता हसली. जोसेट बसली आणि तिनं आपलं ठरलेलं सांगितलं. तिला वाटलं होतं मा खूश होईल. मा सेलीनं केकचा शेवटचा तुकडा गिळला आणि ते मोठं काम तुला हवं होतं ना, एवढंच विचारलं. हवं होतं, असं जोसेट म्हणाली.

"मग रडशील थोडी. रड. पण घरी येऊन रड."

अन्सेल्म अजून खिडकीकडेच बघत होता. तो बोलला तेव्हा कुणाकडे न बघता बोलला. जानेवारीत त्यानं माला उचलून व्हॅनमध्ये ठेवलं, तेव्हा ती एखाद्या पोरासारखी हलकी लागली होती. त्या रात्रीपासून फोन वाजला की मा पुन्हा पडली, असंच त्याला आधी वाटायचं. दोघी बहिणी दूर, आपण एकटे, उद्या काही झालं तर जाब आपल्यालाच. म्हणून ऑरेलियानं विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. पोरगी गेली की माला आपल्याकडे शहरात आणता येईल, असा त्याचा बेत होता.

"मी शहरात येणार नाही," मा सेली म्हणाली.

"माहीत आहे, मा. म्हणून तर तुला विचारलं नव्हतं."

ह्यावर नेरिसाच आधी हसली. मग सगळेच. जोसेटनं अन्सेल्मच्या पाठीवर हात ठेवला. न्हाणीघरात धरायला कठडा लाव, आणि पुढच्या वेळी मा काहीही म्हणाली तरी मला कळव, असं तिनं त्याला सांगितलं. कठडा त्यानं फेब्रुवारीतच लावला होता. मा त्यावर टॉवेल वाळत घालायची.

निघायच्या आधी जोसेट पेरिचसाहेबांना भेटून आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अशी खुर्ची परत चालून येत नाही, विचार केलात ना, असं विचारलं. केला, असं ती म्हणाली. मग हिवाळ्यात ह्याच जहाजावरची तुमची जागा राहावी म्हणून मी वर सांगून ठेवतो, असं ते म्हणाले. तुमच्या आई सुपाबद्दल काय म्हणाल्या, तेही त्यांनी विचारलं. आलं कमी होतं, असं जोसेटनं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

शिडीवर निरोप घेताना नेरिसानं दुसरा गालही पुढे केला.

---

संध्याकाळी जोसेट पुन्हा काळ्या पोशाखात हॉलमध्ये उभी होती. जहाज सुटलं ते तिला पायाखालच्या थरथरीवरून कळलं. त्या वेळी पहिलं वाढप सुरू असतं. इतक्या वर्षांत तिनं आपलं बेट मागे पडताना कधी पाहिलेलं नव्हतं.

ऑरेलिया जेवायला उशिरा आली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, डोळे लाल. ती आपल्या टेबलावर बसली. जोसेट पाणी ओतायला वाकली तेव्हा ऑरेलियानं तिच्या मनगटाला हात लावला आणि हळूच, पात्वात, बोलायला लागली. शेजारच्या टेबलांना वाटलं असेल, ही बाई जेवणाबद्दल काही विचारते आहे.

"मी वरच्या डेकवर होते," ती म्हणाली. "मा बाकावर बसली नाही. अन्सेल्मनं किती सांगितलं, तरी उभीच राहिली. मग जहाज हललं आणि तिघं व्हॅनमध्ये बसले. मला वाटलं, निघाले घरी. तर अन्सेल्मनं गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला घातली आणि आमच्या बरोबरीनं निघाला. जहाज इकडे, व्हॅन तिकडे. दिवे लावत होता, विझवत होता. लोक बोट दाखवून विचारायला लागले, तो वेडा कोण आहे."

"तू काय सांगितलंस?"

"माझा भाऊ आहे म्हटलं." ऑरेलियानं पाण्याचा घोट घेतला. "नेरिसा खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. काहीतरी ओरडत होती, ऐकू कसलं येतंय. पॉइंट मिशेल गेलं तरी घरापाशी थांबले नाहीत. सूफ्रियेरपर्यंत आले, रस्ता वळेपर्यंत. मग दिसेनासे झाले."

जोसेट पाण्याचा जग हातात धरून उभी होती. तीन टेबलं तिची वाट बघत होती आणि वायान दुरून काही हवंय का म्हणून भुवया उंचावत होता. तिनं मान हलवली. तिला काही नको होतं.

"नोव्हेंबरात हे जहाज परत ह्या बाजूला येईल ना?" ऑरेलियानं विचारलं.

"येईल."

"तेव्हा दिवे मी लावीन. तू वर डेकवर ये, पेरिचला सांगून. मी तोवर घरी परत आलेली असेन, व्हॅनमध्ये असेन."

जोसेटनं तिच्याकडे नीट बघितलं. ऑरेलियानं नजर वळवली नाही.

"तुला गाडी कुठे चालवता येते?"

"अन्सेल्म शिकवेल," ऑरेलिया म्हणाली आणि मेन्यू उघडला. "आता मला खायला दे काहीतरी. दुपारी घास उतरला नाही, सकाळच्या भज्यांवरच आहे मी."